फिटरने पाठ केलेले सात मोड

वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी माझ्या नवऱ्याने गिटारचा क्लास लावला आणि ही बातमी मला शेजारणीकडून कळली. मी शाळेतून येऊन गेट उघडत होते. ती तिच्या ओट्यावरूनच म्हणाली, "मॅडम, भाऊ आज गिटार घेऊन चालले होते. कोठी कार्यक्रम आहे काय?" मी म्हटलं, दुरुस्तीला नेली असेल. आत जाऊन पाहिलं तर कपाटावरची गिटार खरंच जागेवर नव्हती. मुलाने बारावीत हट्ट करून ती घेतली, तीन आठवडे वाजवली आणि पुण्याला शिकायला जाताना इथेच टाकून गेला. तेव्हापासून ती झाडू मारताना खाली काढायची आणि पुसून परत वर ठेवायची, एवढाच तिचा आमच्याशी संबंध.

संध्याकाळी नवरा आला. गिटार नव्या काळ्या पिशवीत होती.

"दुरुस्तीले नेली होती काय?" मी विचारलं.

"नाही. शिकाले."

"कोण शिकून राह्यलं?"

"मीच," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला निघून गेले.

माझा नवरा खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. कपाशीपासून सरकी वेगळी करणारी यंत्रं उघडायची, जोडायची, चालती ठेवायची, हे काम त्यांनी आयुष्यभर केलं. निवृत्त झाल्यावर सहा महिन्यांत त्यांनी घरातले सगळे नळ, सगळ्या बिजागऱ्या आणि शेजारणीचा कूलर दुरुस्त केला. मग जे बिघडलेलं नव्हतं तेही उघडायला लागले. तेव्हा मीच म्हटलं होतं की घराबाहेर पडा, काहीतरी लावून घ्या. माझ्या मनात सकाळचं फिरणं होतं.

क्लास स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, मोबाइलच्या दुकानावरच्या खोलीत होता. शिकवणारा पंचविशीतला, मूळचा धाड गावाकडचा. पुण्यात तीन वर्षं काढून परत आलेला. मागे केस बांधायचा आणि आपलं गाव तोंडातून निसटू नये म्हणून फार जपून बोलायचा. त्याला सगळे सर म्हणायचे, माझा नवराही म्हणायचा. वर्गात शाळकरी मुलं-मुली आणि त्यांच्यात मांडी घालून बसलेले माझे यजमान. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की सहा महिने गाण्याचं नाव काढायचं नाही. आधी फ्रेटबोर्ड पाठ. म्हणजे गिटारच्या दांड्यावर ज्या आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांच्यामधल्या प्रत्येक घरात, सहाही तारांवर, कोणता सूर आहे ते घडाघडा सांगता आलं पाहिजे. त्यासाठी त्याने झेरॉक्स दिले होते. नुसते ठिपके आणि अक्षरं.

मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते आहे. शिक्षक वर्गाला पाठांतर कधी देतो हे मला चांगलं माहीत आहे. पुढचं काय शिकवायचं हे त्याला ठाऊक नसलं की देतो. तयारी न करता गेलेल्या दिवशी मीही पोरांना पाढे म्हणायला लावलेले आहेत. त्यामुळे ते झेरॉक्स पाहिले आणि त्या सराबद्दलचं माझं मत तिथेच ठरलं.

"गाणं कधी शिकवणार आहे तो?" मी विचारलं.

"पाया पक्का पाहिजे म्हणतात सर."

"सहा महिने पाया? घर बांधून राह्यला काय तो?"

 नवऱ्याने कपाटातून व्हर्निअर कॅलिपर काढला, फॅक्टरीतून निघताना सोबत आणलेला, आणि गिटारच्या दांड्यावरचं एकेक घर मोजायला बसले. प्रत्येक पुढचं घर आधीच्यापेक्षा किंचित लहान होतं, हे त्यांना तासाभराने कळलं. त्याचा त्यांना इतका आनंद झाला की मला हाक मारून त्यांनी सगळे आकडे वाचून दाखवले. मी पोळ्या लाटत होते.

दुसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघरात गॅसच्या शेजारी भिंतीवर एक कागद आला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर त्यांनी गिटारचा दांडा मूळ मापात, पट्टी लावून, पेन्सिलीने काढला होता. सहा तारा, बारा घरं, प्रत्येक घरात अक्षर. फिटरचं ड्रॉइंग होतं ते, एक रेघ इकडची तिकडे नाही. "पाहाय," ते म्हणाले, "ई अन् एफच्या मधात जागा नाही. बी अन् सीच्या मधातबी नाही. बाकी सगळीकडे एक घर सोडून." हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं, दुसऱ्या दिवशी सांगितलं आणि पुढचा महिनाभर, कुकरची शिट्टी होईपर्यंत वेळ असला की सांगितलं.

त्यानंतर आमच्या घरात बोलणं कमी आणि पुटपुटणं जास्त झालं. आंघोळीला गेले की आतून आवाज येई, "पाचवी तार, खुली ए, दुसरा बी, तिसरा सी." भाजीबाजारात मी वांगी निवडत असले की हे माझ्या मागे उभे राहून डाव्या हाताची बोटं पिशवीच्या बंदावर दाबत. माझ्या माहेरी, संग्रामपूरला, भाचीचं लग्न होतं. बसमध्ये त्यांनी माझ्या पर्सचा पट्टा मांडीवर ताणून घेतला आणि त्याच्यावर बोटं चालवत बसले. समोरच्या सीटवरच्या बाईने मला हळूच विचारलं, "भाऊले काही त्रास आहे काय हो हाताचा?" मी हो म्हटलं. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं. लग्नात माझ्या भावाने त्यांना काय चाललंय विचारलं तर यांनी जेवणाच्या पंगतीत बसून त्याला ई आणि एफच्या मधल्या जागेबद्दल सांगितलं. भाऊ माझ्याकडे बघत राहिला. मी जिलेबी वाढणाऱ्याला हाक मारली.

मुलाला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "आई, करू दे ना त्यांना. टाइमपास आहे." आपण टाकून दिलेल्या वस्तूवर बाप बोटं सोलून घेतोय हे ऐकून त्याला एवढंच सुचलं.

बोटं खरंच सोलली होती. डाव्या हाताची टोकं लाल, मग पांढरी, मग कडक झाली. आणि पाठांतर मात्र कच्चं. हे मला सहन होईना. ज्या गोष्टीचा मी तिरस्कार करत होते ती निदान नीट तरी व्हावी, असा माझा स्वभाव. ते एके दिवशी झेरॉक्स घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "तू विचार बरं मले. तुले सवय आहे." मी झारा हातात धरूनच सुरुवात केली.

"पाचवी तार, सातवा."

"ई."

"तिसरी, चौथा."

"बी."

"चौथी, दहावा."

ते थांबले. बोटं हवेत हलली. "सी."

"इतका वेळ लागला तर माह्या वर्गात छडी पडते," मी म्हटलं.

दोन महिने हे रोज चाललं. मी त्यांना पोरांसारखंच घेतलं. उलटं विचारायचं, मधूनच विचारायचं, बोलता बोलता विचारायचं. दोन महिन्यांनी माझ्या नवऱ्याला झोपेतून उठवून कुठलंही घर विचारलं तरी सांगता येत होतं. माझ्या आयुष्यात मी इतका पक्का विद्यार्थी तयार केलेला नाही, आणि इतक्या निरुपयोगी कामासाठी तर नाहीच.

मग मोड आले. सरांनी सांगितलं होतं की एका स्केलचे सात मोड असतात आणि ते सातही पाठ हवेत. आयोनियन, डोरियन, फ्रिजियन, लिडियन, मिक्सोलिडियन, एओलियन, लोक्रियन. मेडिकलच्या दुकानात मागच्या फळीवर ठेवलेल्या औषधांसारखी नावं. माझा नवरा आठवडाभर मिक्सोलिडियनला मिक्सरलिडियन म्हणत होता आणि मी मुद्दाम दुरुस्त करत नव्हते. शेवटी कीव आली. मी त्यांना पहिली अक्षरं काढून पाढ्याच्या चालीवर बसवून दिली: आडो, फ्रिलि, मिए, लो. ते त्यांना दहा मिनिटांत पाठ झालं. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये सगळी पोरं तेच म्हणत होती आणि सरांनी ते स्वतःची युक्ती म्हणून फळ्यावर लिहिलं होतं.

आता इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे.

मोड वाजवायचे म्हणजे ते काय करत, तर सीपासून निघून पुढच्या सीपर्यंत सात सूर वाजवत आणि म्हणत, हे आयोनियन. मग तेच सूर डीपासून डीपर्यंत वाजवत आणि म्हणत, हे डोरियन. मग ईपासून. असे सात वेळा. एकाच वेगाने, वर आणि खाली, शिवणयंत्र चालवल्यासारखे.

"हे तर तेच आहे," मी म्हटलं.

"नाव वेगळं आहे."

"नाव वेगळं म्हणजे वस्तू वेगळी काय?"

"सर म्हणतात, प्रत्येकाचा मूड वेगळा असते."

"तुमाले लागते काय वेगळा?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. गिटारकडे पाहिलं. "नाही," म्हणाले आणि पुन्हा वाजवायला लागले.

मला लागत होता. निदान कुठे लागायला हवा हे माहीत होतं. डी.एड.ला असताना मी पेटी शिकले होते. पुढे दोन परीक्षाही दिल्या. शाळेत प्रार्थनेला पेटी मीच वाजवते. यांचे सात मोड म्हणजे आपल्या रागसंगीतातले थाट आहेत, हे मला त्या आठवड्यातच कळलं. सूर तेच ठेवायचे आणि सा एकेक सूर पुढे सरकवायचा. पहिला बिलावल, दुसरा काफी, तिसरा भैरवी. फक्त सातवा कुठेच बसत नाही, कारण त्यात पंचमच जागेवर नाही. पण हे सगळं कळायला कुणीतरी सा धरून ठेवावा लागतो. सा कानात नसेल तर ती नुसती वर-खाली धावाधाव. हे मी त्यांना पाच मिनिटांत दाखवू शकले असते. आमची जुनी पेटी दिवाणाखाली होती. पण मी सांगितलं नाही. सरांकडेच जायचं आहे ना, मग सरच सांगतील, असं मी मनात म्हटलं. त्या मूर्खपणाचं पुढे काय होतं हे मला पाहायचं होतं.

ते पाहायला मिळालं. क्लासचा वार्षिक कार्यक्रम ठरला. एका मंगल कार्यालयाचा लहान हॉल, रविवारी सकाळी अकराला. मुलांनी दोन-दोन गाणी वाजवायची होती, कारण मुलांच्या आया गाण्याशिवाय ऐकणार नव्हत्या. पाया वगैरे मुलांच्या बाबतीत सरांनी केव्हाच सोडून दिला होता. पक्का पाया एकट्या माझ्या नवऱ्याचा झाला होता, कारण बाकी कुणी ते पाठ करायला तयारच नव्हतं. म्हणून सरांनी त्यांना शेवटी ठेवलं. यांनी पांढरा शर्ट इस्त्री करून घेतला. फॅक्टरीतल्या जुन्या चार-पाच जणांना फोन केले. मला म्हणाले, "तू पुढं बसजो."

मी दुसऱ्या रांगेत बसले. सरांनी माइक घेतला. "आता आपल्यापुढे येत आहेत आपले सीनियर मोस्ट स्टुडंट. अंकलना बाराही स्केलचे सातही मोड पाठ आहेत. तुम्ही कुठलंही नाव घ्या, अंकल वाजवतील. इट्स अ ह्यूमन काँप्युटर." जत्रेत जनावर दाखवावं तसं ते होतं, आणि नवऱ्याला ते कळत नव्हतं. ते खुर्चीवर ताठ बसले होते, गिटार छातीशी धरून, फॅक्टरीत साहेब पाहणीला आल्यावर उभे राहायचे तसे.

सरांनी चिठ्ठ्या वाटून ठेवल्या होत्या. एका मुलीने वाचलं, "ए फ्रिजियन." यांनी वाजवलं. एकाने वाचलं, "एफ लिडियन." यांनी वाजवलं. एकही बोट चुकलं नाही. लोक टाळ्या वाजवत होते. काय चाललंय ते कुणाला कळत नव्हतं, पण काहीतरी अवघड चाललंय हे दिसत होतं. पाच-सहा चिठ्ठ्या झाल्या. मग मागून फॅक्टरीतला एक जण, यांच्याच वयाचा, मोठ्या प्रेमाने ओरडला, "अबे, आता एखादं गाणं तर होऊ दे."

 सगळे वाट पाहू लागले. सर माइकच्या दिशेने निघाले होते, पण नवऱ्याने त्यांच्याआधी मान पुढे केली.

"गाणं नाही येत," ते माइकमध्ये म्हणाले. "हे येते."

हॉल हसला. वाईट हसणं नव्हतं ते, लहान मुलं काही बोलली की हसतात तसलं. आणि मीही हसले. आवरायला हवं होतं, आवरलं नाही. वर्षभराचं ते हसू होतं, भिंतीवरच्या कागदापासून बसमधल्या पट्ट्यापर्यंत सगळं त्यात होतं. तोंडावर रुमाल धरेपर्यंत त्यांनी मला पाहिलं होतं. बाकी कुणाकडे त्यांनी पाहिलंच नाही.

 घरी येऊन त्यांनी शर्ट बदलला, गिटार पिशवीत घातली, पिशवीची चेन लावली आणि स्टुलावर चढून कपाटावर ठेवली. मग स्वयंपाकघरात आले आणि भिंतीवरचा कागद, चारही कोपरे नखाने सोडवून, न फाडता काढला. मी भाजी चिरत होते. "राहू द्या ना तो," मी म्हटलं. "भिंत खराब होऊन राह्यली होती," ते म्हणाले.

आठ दिवस घरात पुटपुट नव्हती. वर्षभर मला हेच हवं होतं. सोमवारी, बुधवारी क्लासच्या वेळेला ते अंगणात खुर्ची टाकून बसले. शेजारणीच्या कूलरचं विचारायला गेले. तो बरा चालला होता. मी त्यांच्याशी बोलायला गेले की ते नीट उत्तर द्यायचे, आणि ते मला जास्त लागायचं.

मला सरावर राग काढायचा होता, कारण दुसरा राग स्वतःवर काढावा लागला असता. शाळा सुटल्यावर मी थेट क्लासच्या जिन्याने वर गेले. तो एकटाच होता, तारा बदलत बसला होता.

"या ना आंटी. अंकल का येत नाहीत?"

"सर, मले डोरियन म्हणून दाखवा."

"म्हणून?"

"गळ्यानं."

त्याने गिटार उचलली. "गिटार नाही," मी म्हटलं. "गळ्यानं. सा तुमचा, कोणताबी घ्या."

त्याने घसा साफ केला. एक सूर काढला, दुसरा काढला, तिसऱ्याला पहिला सुटून गेला. तो हसला आणि म्हणाला, "आंटी, वेस्टर्नमध्ये असं नसतं."

"वेस्टर्नमध्ये गळा नसते काय?"

 मला वाटलं होतं तो उद्धटपणे काहीतरी बोलेल आणि मग मला मोकळं होता येईल. पण तो तारेचं टोक बोटाभोवती गुंडाळत राहिला आणि त्याचं जपलेलं बोलणं सुटलं. "मलेबी असंच शिकवलं मॅडम. पुण्याले. झेरॉक्स दिले अन् पाठ कर म्हणे. म्या केले. पोरं ऐकून ऐकून गाणं वाजवत, मले ते कधी जमलं नाही. मले वाटलं, पाठ करूनबी येत असन कधीतरी."

त्याची मला दया आली असं मी लिहिणार नाही. तीन वर्षं शिकून सा न धरता येणारा माणूस वर्ग चालवतो आणि पोरांच्या आया त्याला सर म्हणतात, याची मला चीडच आली. पण मी त्याला काही न बोलता खाली उतरले, कारण माझ्याकडे तर सा होता, आणि मी तो दिवाणाखाली ठेवून मजा बघत बसले होते.

घरी आल्यावर मी पेटी बाहेर काढली. भात्यावरची धूळ पुसली. मग स्टुलावर चढून गिटार खाली घेतली. नवरा दारात उभा होता.

"काऊन काढली?"

"बसा इथं."

"मले नाही वाजवायचं."

"तुमी हसल्याचं धरून बसले. मी हसली. चुकलं माहं. आता बसा."

लग्नाला तीस वर्षं झाली, पण हे वाक्य मी पहिल्यांदा बोलले असेन. कदाचित त्यामुळेच ते बसले. मी त्यांना तारा पेटीच्या सुराला मिळवायला लावल्या, मोबाइलवर न बघता. त्याला अर्धा तास गेला. मग पांढरी एक दाबून धरली, भाता हळूहळू हलवत राहिले आणि म्हटलं, "सीपासून वाजवा. सावकाश. प्रत्येक सुरावर थांबून."

त्यांनी वाजवलं. मग मी पांढरी दोन धरली. "आता डीपासून. तेच सूर."

तिसऱ्या सुरावर त्यांचं बोट थांबलं. त्यांनी तो पुन्हा वाजवला. मान तिरपी केली. फॅक्टरीत ते यंत्राला कान लावायचे तेव्हा मान अशीच होई.

"हे वेगळंच वाजून राह्यलं," ते म्हणाले.

"हाव."

"पण सूर तर तेच आहेत."

"सा बदलला."

त्यांनी मला सातही मोड तसे धरायला लावले. माझा हात भात्यावर दुखायला लागला तरी सोडेनात. सातव्याला ते तोंड वाकडं करून म्हणाले, "याचं काहीतरी ढिलं आहे." मी म्हटलं, पंचम ढिला आहे. मग मी त्यांना आमच्या शाळेची प्रार्थना गुणगुणून दाखवली. काफीच्या सुरांतली सरळ चाल आहे. निवृत्तीनंतर ते मला स्कूटरवर शाळेत सोडायचे आणि प्रार्थना संपेपर्यंत फाटकाबाहेर थांबायचे, त्यामुळे त्यांच्या कानात ती होतीच. त्यांनी सूर शोधले. घरं पाठ असल्यामुळे त्यांना फार वेळ लागला नाही, हेही मला मान्य करावं लागेल. वीस मिनिटांत पहिल्या दोन ओळी आल्या. लय चुकत होती, पण कुणीही ओळखलं असतं. शेजारीण ओट्यावरून म्हणाली, "मॅडम, हे तर तुमच्या शाळेचं आहे."

मी जिंकले होते. पाठांतर एका बाजूला आणि गाणं एका बाजूला, आणि गाणं मी त्यांना दिलं होतं. आता हे रोज एकेक गाणं काढतील, असं मी धरून चालले. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर ते अंगणात बसून डी डोरियन वर-खाली वाजवत होते. त्याच वेगाने.

"प्रार्थना वाजवा ना," मी म्हटलं.

"वाजवली ना काल."

"मंग आज दुसरं काढा काही. तुमाले येते आता."

ते थांबले. तारांवर हात आडवा ठेवला. "खरं सांगू काय? मले गाण्याचं एवढं काही नाही."

"मंग कायचं आहे?"

"फॅक्टरीत मले मशीनचा नट नट पाठ होता. डोळे मिटून सांगितलं असतं, कोणता बोल्ट कोठी बसते. ती मशीन भंगारात गेली. नव्या आल्या, त्या बंद पडल्या की कंपनीचा माणूस येते. माह्या डोक्यात ते सगळं अजून तसंच आहे, कोणाच्याच कामाचं नाही." त्यांनी दांड्यावरून अंगठा फिरवला. "हे तसं नाही. कोणतीबी गिटार घे, कोणत्याबी गावात. पाचव्या तारेच्या सातव्या घरात ईच राहीन. मले हे पाठ करायलेच आवडते."

 इतकी वर्षं मी पोरांना पाढे पाठ करायला लावले आणि ज्याला ते आवडतं असं पोर कधी पाहिलं नाही. कुणाला विचारलंही नव्हतं, आवडतं का म्हणून. एखादं असेलही. माझा चेहरा पाहून गप्प बसलं असेल.

ते पुढच्या सोमवारपासून पुन्हा क्लासला जायला लागले. मला अजूनही ते हास्यास्पद वाटतं. साठीला टेकलेला माणूस आता दुसऱ्या एका स्केलचे आणखी सात मोड पाठ करतो आहे, ज्यांची नावं पहिल्यांपेक्षाही भयंकर आहेत. स्वयंपाकघरातला तो कागद त्यांनी बैठकीत लावलाय, फ्रेम करून, आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की हा कुठल्या रस्त्याचा नकाशा आहे. माझ्या भावाने तर मला बाजूला घेऊन विचारलं, डॉक्टरला दाखवलं का. मी त्याला हाकलून दिलं, पण प्रश्न मला पटला होता.

सरांचा मात्र फोन आला. मॅडम, तुम्ही क्लासमध्ये येऊन मुलांना थोडं ऐकायला शिकवाल का, असं म्हणाला. मी म्हटलं, मुलांचं नंतर बघू, आधी तुम्ही या. तो येणार नाही अशी माझी खात्री होती. रविवारी सकाळी तो आला, बूट बाहेर काढून, वही-पेन घेऊन. मी वही बाजूला ठेवायला लावली आणि पेटीवर सा दिला. पहिल्या दिवशी त्याचा आवाज त्या सुराच्या आसपास फिरत राहिला, आत शिरेना. मी तासभर दुसरं काहीच घेतलं नाही. नवरा शेजारी खुर्चीवर बसून त्याला धीर देत होता, "होते सर, होते," आणि मला ते दोघंही सारखेच वाटत होते.

तो दर रविवारी येतो. मी त्याला अहो-जाहो करते, पण सर म्हणत नाही. मागच्या वेळी त्याचा सा एक पूर्ण श्वास टिकला. मी त्याला तसं सांगितलं नाही, पुन्हा म्हणा एवढंच म्हटलं. त्याने पुन्हा म्हटला, या वेळी सूर पडला. मग चहा घेऊन तो आणि माझा नवरा अंगणात गेले आणि बराच वेळ दांड्यावरच्या कुठल्या तरी घराच्या नावावरून वाद घालत बसले.